विठ्ठलानंही पावती घेतली होती

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

*साप्ताहिक चिंतन*
(पांढुर्णा आणि सौसरच्या साधकांसाठी, प्रवचनावरून लिहून काढलेलं)



गेल्या काही सत्संगांत एकच विषय वेगवेगळ्या तोंडून येऊन राहिला आहे. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात ठेकेदाराकडे कामाला असलेला पोरगा विचारतो, "महाराज, तीन वर्षं झाली, हातात एक कागद नाही. मागितला तं साहेब म्हणते, काहून, विश्वास नाही का आमच्यावर?" संत्र्याच्या पॅकिंगचा धंदा असलेला आपलाच एक गुरुबंधू म्हणतो, "माझ्याकडे सारे सत्संगातलेच पोट्टे हायेत. घरच्या माणसाले लेखी कायले पाहिजे?" आणि तिसऱ्याचा प्रश्न त्याहून खोल आहे. तो म्हणतो, "पगार, रजा, पीएफ हे सगळं मायेचं आहे. साधकानं त्यात मन घालावं का नामात?"

तीन प्रश्न आहेत, पण गाठ एकच आहे. कामाचा करार आणि भगवंताची भक्ती या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात का? आज त्याचंच चिंतन करू.

*दामाजीपंतांची गोष्ट नोकराची गोष्ट आहे*

दामाजीपंत आपल्याला भक्त म्हणून माहीत आहेत. पण ते कोण होते? बेदरच्या बादशहाचे नोकर. मंगळवेढ्याला त्यांची नेमणूक, कोठाराच्या किल्ल्या त्यांच्या हाती. दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, लोक तडफडू लागले, आणि पंतांनी मालकाला न विचारता कोठार उघडलं. माणसं जगली. पण बादशहाचं फर्मान निघालं: दामाजीला बांधून आणा.

पुढचं आपण सारे जाणतो. पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला आणि धान्याची सगळी किंमत दरबारात मोजून दिली. पण एक बारीक गोष्ट आपण ऐकतो आणि पुढे जातो. पैसे दिल्यावर विठू तसाच निघून आला नाही. त्यानं *पावती* मागून घेतली आणि ती पंतांच्या पोथीत ठेवली.

विचार करा माऊली. ज्याच्या इच्छेनं पान हलतं, त्या विठ्ठलाला पावतीची काय गरज होती? त्याला गरज नव्हती, दामाजीला होती. उद्या कोणी म्हणालं, पैसे पोचलेच नाहीत, तर गरीब नोकरानं काय दाखवायचं? भगवंताला माणसाच्या जगाची रीत ठाऊक होती. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या तोंडी शब्दावर, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला सोडायचं नसतं. म्हणून देवानंच कागद केला.

तेव्हा यापुढे कोणी म्हणालं की नियुक्तीपत्र मागणं म्हणजे अविश्वास, तर मनातल्या मनात दामाजीची पोथी आठवा. कागदानं विश्वास कमी होत नाही. दोन माणसांमध्ये जे ठरलं, ते विसरू नये म्हणून कागद असतो.

आणि याच गोष्टीत दुसरं एक शिकवण आहे. देवानं "दामाजीनं दया केली, म्हणून हिशोब माफ करा" असं बादशहाला सांगितलं नाही. पूर्ण किंमत मोजली. दया करायची तर तिचा भार कोणीतरी उचलावा लागतो. दुसऱ्याच्या खिशातून केलेली दया पूर्ण होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*पाडव्याचा करार*

कोणी म्हणेल, हे करार-बिरार कंपनीचे चोचले आहेत, आपल्या गावात कुठे होतं? होतं ना! आपल्या भागात सालदाराचं साल गुढीपाडव्याला बदलतं. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. पाडव्याला मालक आणि सालगडी ओसरीवर बसायचे, चार माणसं साक्षीला असायची, आणि सगळं बोलून घ्यायचे. वर्षाचे रुपये किती, धान्य किती, कपड्याचा जोड किती, चपला, सणाची उचल. चहा व्हायचा आणि बोलणं पक्कं व्हायचं.

ते काय होतं? ते नियुक्तीपत्रच होतं. फक्त कागदाच्या जागी चार माणसांचे कान होते. गाव लहान होतं, मालक ओसरीवरच भेटत होता, शब्द फिरवला तर पारावर चर्चा व्हायची. आज आपला पोरगा बुटीबोरीला, हिंगण्याला, बोरगावला कामाला जातो. मालक मुंबईला, ठेकेदार नागपूरला, सुपरवायझर दर सहा महिन्यांनी नवा. साक्षीला कोण? म्हणून कागद साक्षीला आला. रीत आपलीच आहे, नुसतं साधन बदललं.

*आज कायदा काय सांगतो*

साधकानं अज्ञानात राहू नये, म्हणून चार गोष्टी साध्या भाषेत सांगतो. देशातले जुने २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातलं रोजच्या उपयोगाचं असं:

१) कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकाचं कर्तव्य आहे. त्यात पद, पगार, कामाच्या अटी लिहिलेल्या असाव्यात.

२) महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. नोकरी सुटली, सोडली किंवा काढलं, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत.

३) दिवसाचं नेहमीचं काम आठ तास, आठवड्यात एक सुट्टी. जादा काम घेतलं तर त्याचा दर दुप्पट.

४) पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. १५,००० वर दोघांचे मिळून महिन्याला ३,६०० होतात.

५) ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. महिना २६ दिवसांचा धरतात. वेतन १५,६०० असेल तर रोज ६०० पडले, १५ दिवसांचे ९,००० झाले. दहा वर्षं काम केलं तर ९०,०००. कायम नोकरीत यासाठी पाच वर्षं लागतात, पण ठराविक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला आता एका वर्षानंतरही हक्क आहे.

६) सारखं काम, सारखं वेतन. बाई आहे म्हणून कमी द्यायचं नाही. संत्री निवडणाऱ्या हातांना बाईचा हात आणि माणसाचा हात असा भेद नसतो.

७) ठेकेदारानं पगार बुडवला तर ज्याच्या कारखान्यात काम झालं, त्या मूळ मालकावर जबाबदारी येते.

आणखी एक जुनी पण सुंदर गोष्ट. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात लिहिलं होतं की कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत, फाटकाजवळच्या फलकावर लावावे. किती शहाणपणाचं आहे! संतांनी तरी दुसरं काय केलं? ज्ञानोबा माऊलीनं संस्कृतातली गीता मराठीत का आणली? जे ज्ञान माणसाला बांधतं किंवा सोडवतं, ते त्याच्या भाषेत त्याच्यासमोर असलं पाहिजे. आपल्या पोराला इंग्रजीतल्या आठ पानांवर सही करायला लावतात आणि एक पान वाचून दाखवत नाहीत. जे मालक, मॅनेजर किंवा ऑफिसातले साधक हे वाचत आहेत, त्यांना हात जोडून विनंती: सही घेण्याआधी दहा मिनिटं समजावून सांगा, मराठीत नाही तर हिंदीत. त्या दहा मिनिटांचं पुण्य एका पारायणाएवढं आहे असं समजा.

*मालक असलेल्या गुरुबंधूंना*

आता जरा कडू बोलतो. गोड लागलं नाही तरी औषध समजून घ्या.

आपल्यात एक शब्द फार सोपा झाला आहे, *सेवा*. सत्संगाच्या मंडपात झाडू मारणं सेवा, पंगतीला वाढणं सेवा. फार चांगलं. पण आपल्या दुकानात, गोदामात, कारखान्यात गुरुबंधूला दहा-बारा तास राबवायचं, पगार आठ दिवस उशिरा द्यायचा, रविवारी बोलवायचं, आणि वरून म्हणायचं, "सेवा समज बाप्पा!" ही सेवा नाही. सेवा तीच, जी माणूस आपल्या मनानं देतो, आणि नाही म्हणायची ज्याला मोकळीक असते. ज्याच्या घरी किराणा बाकी आहे, त्याला नाही म्हणायची मोकळीक कुठून असणार?

तुकोबारायांची गोष्ट घ्या. घराण्याची सावकारी होती. लोकांकडे येणं होतं, त्याची खतं होती. वैराग्य आल्यावर त्यांनी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. आता नीट बघा, त्यांनी काय बुडवलं? लोकांकडून आपल्याला *येणं* होतं ते. स्वतःचं *देणं* नाही बुडवलं. भावाच्या वाट्यालाही हात लावला नाही. माऊली, वैराग्य ही आपल्या हक्कावर करायची गोष्ट आहे, दुसऱ्याच्या हक्कावर नाही. कामगारानं आपल्या मनानं एक दिवसाचा पगार दान केला तर तो त्याचा त्याग. मालकानं तो ठेवून घेतला तर तो त्याग नाही, ते ऋण आहे.

पगारातून कापलेला पीएफ तर त्याहून नाजूक. तो पैसा मालकाचा कधी नव्हताच. कामगाराच्या ताटातून काढून आपल्याकडे ठेवायला दिलेली ती *अमानत* आहे. ती वेळेवर खात्यात भरली नाही आणि एकादशीला मोठं अन्नदान केलं, तर त्या पंगतीत कोणाचं अन्न वाढलं गेलं? म्हणून म्हटलं होतं, दुसऱ्याच्या खिशातून केलेली दया पूर्ण होत नाही. सद्गुरूंच्या दारात देणगी पाठवण्याआधी एकदा हजेरीबुक उघडा. ज्याचं ज्याचं राहिलं आहे ते आधी द्या. देणगी महिनाभर उशिरा आली तर सद्गुरू रागावत नाहीत. पगार महिनाभर उशिरा झाला तर एखाद्या घरात पोराची फी राहते.

धंद्याची अडचण मी जाणतो. संत्र्याचा भाव पडतो, मृगाचा बहार फुटत नाही, व्यापारी पैसे अडकवतो. अडचण आली तर कामगारांना समोर बसवा आणि खरं सांगा. "या महिन्यात निम्मा आत्ता, निम्मा अमुक तारखेला," असं लिहून द्या आणि त्या तारखेला द्या. लपवल्यानं अडचण मोठी होते. सांगितल्यानं ती दोघांची होते.

*नोकरी करणाऱ्या साधकांना*

तुमच्याही वाट्याचं औषध आहे.

एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींजवळ होते. स्वामी किल्लेदार, नाथ त्यांच्या हिशोबाचं काम बघायचे. एका रात्री एक पैची चूक सापडेना. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, मग हीच देवाच्या ठायी लागली तर! लक्षात घ्या, स्वामींनी हिशोब सोडायला सांगितलं नाही. हिशोबात लागलेलं मन हेच भजनाला लागणारं मन आहे, हे त्यांनी ओळखलं. जो कामात चोरी करतो, त्याचं मन ध्यानात सरळ बसेल कसं?

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: नोकरी माया असेल, पण नोकरीतला खरेपणा माया नाही.

काही साधक सेना न्हावी महाराजांची गोष्ट सांगतात. राजाचं बोलावणं आलं, सेना पूजेत होते, तर देव स्वतः धोकटी घेऊन राजाची हजामत करून आला. "मग आपणही सप्ताहाला बसू, ड्यूटी देव सांभाळेल!" माऊली, गोष्टीचा शेवट ऐका. आपल्यामुळे देवाला धोकटी उचलावी लागली, हे कळल्यावर सेना महाराजांना हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. आपण बुडवलेली पाळी देव येऊन करत नाही, शेजारच्या मशीनवरचा गुरुबंधू करतो. त्याला सलग सोळा तास उभं राहावं लागतं.

सप्ताहाला यायचं आहे, वारीला जायचं आहे, तर महिनाभर आधी अर्ज द्या. रजा हा तुमचा हक्क आहे. नव्या संहितेप्रमाणे वर्षात १८० दिवस काम झालं की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा बसते. ती सरळ मागा. आजीला चौथ्यांदा मारून कीर्तनाला येऊ नका! खोट्या मेडिकलवर ऐकलेलं हरिनाम कानाच्या आत जात नाही. नोकरी सोडायची तर नोटीस द्या, काम समजावून द्या, चावी हातात द्या. चांगलं येणं ही अर्धी गोष्ट आहे, चांगलं जाणं ही उरलेली अर्धी.

आणि भीतीचं काय? "मागितलं तं काढून टाकतील महाराज." ही भीती खोटी नाही. घर चालवणाऱ्याला मी उगाच शूर व्हायला सांगणार नाही. पण तयारी तर करता येते. आपल्या हजेरीची साधी वही घरी ठेवा, तारीख आणि तास लिहा. पगार बँकेतून मागा. पीएफचा यूएएन नंबर विचारून घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी मोबाइलवर पासबुक बघा. बोलायची वेळ आली तर एकटे जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा, नम्रपणे बोला, लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. तिथं जमलं नाही तर श्रम विभागाचं कार्यालय आहे. पांढुर्णा २०२३ पासून जिल्हा झाला आहे, कलेक्टर साहेबांपुढे अर्ज द्यायला आता छिंदवाड्याला जावं लागत नाही. आवाज चढवू नका, पण सोडूनही देऊ नका.

*जामसावळीचा मारुती झोपलेला का?*

सौसरजवळच्या जामसावळीला आपण सारे जातो. बाकी ठिकाणी मारुती उभा असतो, द्रोणागिरी उचललेला असतो. आपल्याकडे तो पिंपळाखाली आडवा, विसावलेला आहे. श्रद्धेनं प्रत्येकजण आपला अर्थ लावतो. मला तिथं एक गोष्ट दिसते. ज्यानं समुद्र ओलांडला, लंका जाळली, डोंगर आणला, त्या सेवकांच्या राजालाही विश्रांती आहे. आणि त्या विश्रांतीलाही आपण हात जोडतो.

मग हाडामासाच्या माणसाला सुट्टी मागायची लाज का? रविवारची सुट्टी आपल्याला फुकट मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. मागण्या किती साध्या होत्या: आठवड्यात एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, कामावर जखमी झालेल्याची सोय. रविवारच का, तर तो आमच्या खंडोबाचा वार, असंही त्यांनी सांगितलं. १८९० मध्ये ती सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी सत्संगाला बसतो, त्यामागे त्या माणसांचे कष्ट आहेत. हेही एक संतकार्यच.

आणि पोळा? आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं शेकतो, पोळ्याला जू ठेवत नाही, पुरणपोळी चारतो. बैलानं अर्ज दिला नव्हता. शेतकऱ्याला त्याचे खांदे दिसत होते. मालकानं कामगाराचे खांदे बघावेत, एवढाच सगळ्या कायद्यांचा सार आहे.

*दोन काठ, एक झेंडा*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर काय होतं ते जगाला माहीत आहे. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडावर झेंडा. दिवसभर दगड, फुटलेली डोकी. आणि शेवटी तो झेंडा जातो कुठे? चंडीमातेच्या चरणी. ती दोन्ही काठांची आई आहे.

मालक आणि कामगार असेच दोन काठ होऊन बसले, की धंद्याची नदी मधल्या मध्ये लाल होते. दगड दोन्हीकडून येतात, इकडून पगारकपात, तिकडून कामचोरी. धंदा ना एकट्या मालकाचा, ना एकट्या कामगाराचा. दोघांच्या पोरांच्या तोंडी त्यातूनच घास जातो. तो जगदंबेचा आहे असं समजून चालवा, म्हणजे हातातला दगड आपोआप खाली पडेल.

*या आठवड्याची साधना*

मालक साधकांनी: एका बसणीत यादी करा, कोणाकडे नियुक्तीपत्र नाही, कोणाचं काय बाकी आहे. पुढच्या एकादशीच्या आत निदान एकाचं तरी पूर्ण करा.

नोकरदार साधकांनी: आपली कागदपत्रं एका पिशवीत नीट लावा, आणि सात दिवस वेळेच्या पाच मिनिटं आधी कामावर पोचा.

घरच्या माऊलींनी: ती पिशवी देवघराजवळ ठेवा. दामाजीची पावतीही पोथीतच होती.

सद्गुरूंच्या चरणी एवढीच प्रार्थना: घेणाऱ्याच्या हाताला लाज नसावी, देणाऱ्याच्या हाताला थरथर नसावी, आणि कोणाच्याही घामाचा हिशोब देवाला येऊन चुकता करावा लागू नये.

॥ शुभं भवतु ॥
जय गुरुदेव 🙏
(आपल्या घरच्या आणि कामावरच्या बांधवांपर्यंत हे चिंतन अवश्य पोचवा.)